झांकणाचा वाटा

आमच्या स्वयंपाकघराच्या फडताळांत, अगदीं खालच्या फळीवर, एक चिनी मातीची बरणी आहे. पोट गोल, खांदे उतरते, पांढऱ्या अंगावर निळ्या वेली. गळ्याशीं एक बारीक चीर आहे, पण ती कधीं वाढली नाहीं. या बरणीला झांकण नाहीं. आमच्या आठवणींत तें कधींच नव्हतें. तोंडाला धुवट कापडाचा दादरा बांधून तींत लिंबाचें लोणचें घालावयाचें, हा घरचा परिपाठ. झांकण कोठें गेलें ही हकीकत पुढें ओघानें येईलच. आज लिहावयास बसलों आहों तें निराळ्याच कारणानें; परंतु त्या कारणाची आणि या बरणीची गांठ आमच्या मनांत अशी कांहीं पडली आहे कीं, एक सोडून दुसरें सांगतां येत नाहीं.

सन २०१४ च्या सप्टेंबरांतली गोष्ट. आमच्या सेवानिवृत्तीस तेव्हां दोन वर्षें उरलीं होतीं, आणि गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या छपरासाठीं वर्गणी गोळा करण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें होतें. त्या पावसाळ्यांत जुन्या मासिकांच्या बांधीव अंकांवर पाणी गळलें, आणि तीस-चाळीस वर्षांचा ठेवा फुगून उशीसारखा झाला. वर्गणी मागणें हें काम कसें असतें तें ज्यांनीं केलें आहे त्यांनाच ठाऊक. पावतीपुस्तक काखेंत मारून आपण दारांत उभे राहावें, तों यजमान घरांत असूनहि नसतात. कोणी म्हणतात, दसऱ्यानंतर या. दसऱ्यानंतर जावें तर दिवाळीचा खर्च आड येतो. एका सधन गृहस्थांनीं आम्हांस आग्रहानें बसवून घेतलें, चहा दिला, चिवडा दिला, प्रकृतीची आस्थेनें चौकशी केली, आणि निघतांना एकवीस रुपये हातावर ठेविले. त्यांत चिवड्याची किंमत जमेस धरली तर वाचनालयास त्यांनीं बरेंच दिलें असें म्हणतां येईल.

आमचा पुतण्या, म्हणजे थोरल्या बंधूंचे चिरंजीव, त्या वेळीं इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत नोकरीस होता. जुलैंतच आम्हीं त्याला वाचनालयाविषयीं लिहिलें होतें. 'पाहतों, काका,' एवढें उत्तर आलें, आणि पुढें कांहीं नाहीं. आणि सप्टेंबरांत एका रविवारीं वहिनींनीं जेवतांना सहज सांगितलें कीं, त्यानें म्हणे तिकडील कोठल्याशा संग्रहालयाचीं मातीचीं भांडीं वांचविण्याकरितां पन्नास पौंड दिले. आमच्या हातांतला घांस हातांतच राहिला. त्या वेळच्या भावानें ते पांच हजार रुपये होत. पांच हजारांत वाचनालयाच्या छपराचा एक कोपरा झाला असता! अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधु, ताटावरून मान वर न करतां म्हणाले, "दीडशें वर्षें साहेबानें आपल्याकडून नेलें, आतां त्याच्या बशा फुटूं नयेत म्हणून आपण पाठवावें." अण्णा क्वचित् बोलतात, पण बोलले कीं घरांत तो निकाल समजला जातो.

त्या रात्रीं आम्हीं पुतण्यास ई-पत्र लिहिलें. तें पत्र आज आमच्यापाशीं आहे, पण तें पुन्हां वाचवत नाहीं. स्वधर्म, ऋण, परधार्जिणेपणा असे सर्व शब्द त्यांत होते. एक सुभाषितहि घातलें होतें. आपल्या रागाला चढविलेलें संस्कृत दुसऱ्या दिवशीं फार ओशाळवाणें दिसतें, हा अनुभव आम्हांस तेव्हां प्रथम आला.

तीन दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. त्यांत रुसवा नव्हता, समर्थनहि नव्हतें. सगळी हकीकत लिहिली होती, आणि शेवटीं एक प्रश्न होता. तो प्रश्न मागाहून सांगूं; आधीं हकीकत. पुढें आम्हीं ती इतर ठिकाणीं ताडून पाहिली आणि तींत बरीच भरहि घातली, कारण मास्तराची खोड जात नाहीं.

जोशाया वेजवूड हा पुरुष सन १७३० मध्यें बर्स्लेम या गांवीं एका कुंभाराच्या घरीं जन्मला. लहानपणीं देवी आल्या. त्यांतून उठला तो उजवा गुडघा अधू घेऊन. कुंभाराचें चाक त्या काळीं पायानें चालवावें लागे, तें त्याला साधेना. कुंभाराच्या मुलाला चाक फिरवितां येऊं नये यापरतें दुर्दैव कोणतें? परंतु त्या अधूपणामुळेंच तो माती, झिलई आणि भट्टी यांच्या अभ्यासाकडे वळला. सन १७६८ मध्यें तो पाय अखेर कापावा लागला. बधिरीकरणाची विद्या तेव्हां जन्मली नव्हती. लांकडी पायावर तो कारखान्यांतून हिंडे, आणि एखादें भांडें मनासारखें उतरलें नाहीं तर त्याच पायानें फोडून टाकी, अशी दंतकथा आहे. खरी असो वा खोटी, आमच्या शिक्षकी मनाला ती आवडली.

निळ्या किंवा हिरवट अंगावर पांढऱ्या आकृति उठविलेलीं भांडीं आपल्यापैकीं अनेकांनीं निदान चित्रांत तरी पाहिलीं असतील. त्या मातीला त्यानें जॅस्पर असें नांव दिलें. तिचें रहस्य हातीं लागेपर्यंत त्यानें हजारों नमुने भाजून पाहिले. प्रत्येक तुकड्यावर आंकडा घातलेला, आणि वहींत त्या आंकड्यापुढें त्याची कृति. या नमुन्यांचीं तबकें अजून जपून ठेविलेलीं आहेत. आम्हीं जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनें खोडल्या. या माणसानें आपल्या चुकांवर क्रमांक घालून त्या ठेवून दिल्या. भट्टीची उष्णता डोळ्यांनीं अजमावणें त्याला पसंत नव्हतें, म्हणून ती मोजण्याचें एक साधनहि त्यानें काढलें, आणि सन १७८३ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. रशियाची राणी कॅथरिन हिनें त्याच्याकडून भोजनाचा जो संच करविला त्यांत ९५२ नग होते, आणि प्रत्येकावर एक हिरवा बेडूक. कारण ज्या वाड्यासाठीं तो संच होता, तो वाडा बेडकांच्या दलदलींत बांधलेला होता. सन १७८७ मध्यें त्यानें एक लहानसें पदक पाडलें. त्यावर साखळदंडांत जखडलेला, गुडघे टेकून हात जोडलेला एक नीग्रो गुलाम आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ करणाऱ्यांस तीं पदकें त्यानें वांटलीं, आणि लोक तीं अंगावर मिरवूं लागले. चार्लस डार्विन हा याच वेजवूडच्या मुलीचा मुलगा, हेंहि येथें सांगावयास हरकत नाहीं.

चोखंदळ वाचक म्हणेल कीं, जॅस्पर म्हणजे कांहीं खरी चिनी माती नव्हे. अगदीं बरोबर. खरी चिनी माती म्हणजे केओलिन नांवाची पांढरी माती आणि एक विशिष्ट दगडाची पूड यांचें मिश्रण, तेराशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास भाजून कांचेसारखें अर्धपारदर्शक झालेलें. तिचें गुपित चीन देशानें शतकानुशतकें सांभाळलें. युरोपांतील राजे त्या भांड्यांपायीं अक्षरशः वेडे झाले होते. सॅक्सनीच्या ऑगस्ट राजानें सन १७१७ मध्यें प्रशियाच्या राजाला सहाशें घोडदळ सैनिक देऊन १५१ चिनी भांडीं घेतलीं. म्हणजे हिशेबानें एका भांड्यास चार सैनिक पडले! वर्गणीदारांच्या दारोदार हिंडण्यापेक्षां हा मार्ग सोपा खरा. फक्त त्या सैनिकांना कोणीं विचारलें नाहीं. ऑगस्टच्याच पदरच्या एका किमयागारानें सन १७०८ च्या सुमारास तें गुपित फोडलें होतें, आणि पुढें मायसेन येथें कारखाना निघाला. इंग्लंडांत केओलिन सांपडली ती कॉर्नवॉल परगण्यांत.

इंग्रजांनीं आणखी एक युक्ति काढली. बैलाच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी मिसळून जी नाजुक भांडीं होतात त्यांना ते 'बोन चायना' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कृति स्टोक गांवीं दुसऱ्या एका कुंभारानें पक्की केली, आणि वेजवूडच्या वंशजांनीं सन १८१२ मध्यें ती उचलली. हें वाचतांना आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. आजीच्या राज्यांत चहाच्या कपबशांना स्वयंपाकघरांत मज्जाव होता. ओटीवरच्या कोनाड्यांत त्यांची वसति, आणि विसळण्याचें पाणी वेगळें. "हाडांचीं भांडीं तीं," असें ती म्हणे. आम्ही इंग्रजी शाळेंत विज्ञान शिकलेलीं मुलें तिला हंसत होतों. लोणच्याची बरणी मात्र तिला चालत असे. तिच्यापुरतें शास्त्र तिनें वेगळें केलें होतें. आमच्या घरच्या जाड कपांत हाडाचा अंश होता असें वाटत नाहीं. पण सरसकट हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, एवढें या वयांत कबूल करणें भाग आहे.

असो. आतां मूळ गोष्ट. वेजवूडच्या वंशजांनीं सन १९०६ मध्यें कारखान्याचें संग्रहालय उघडलें. नमुन्यांचीं तबकें, नक्षीच्या वह्या, पत्रें, हिशेब, तैलचित्रें असा ८० हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह पुढें स्टोकजवळच्या बार्लास्टन गांवीं गेला. संग्रहालयासाठीं वेगळा धर्मादाय न्यास केलेला होता, म्हणजे कंपनी बुडाली तरी संग्रह सुरक्षित, असें सर्वांस वाटत होतें. सन २००८ मध्यें नवी इमारत झाली. जानेवारी २००९ मध्यें कंपनी बुडाली. त्याच वर्षीं त्या संग्रहालयाला देशांतील उत्तम संग्रहालय म्हणून एक लाख पौंडांचें पारितोषिक मिळालें. दैवाचा विनोद म्हणतात तो हा.

कारण पुढें असें निघालें कीं, त्या न्यासाचे पांच नोकर कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेंत सामील होते. अवघे पांच! आणि तिकडचा कायदा असा कीं, एका गटांतील सर्व संस्था बुडून जी एकटी उभी राहील, तिच्यावर साऱ्या योजनेच्या तुटीचा बोजा पडावा. तूट होती १३ कोटी ४० लक्ष पौंडांची. उभें राहिलें होतें तें एकटें संग्रहालय. डिसेंबर २०११ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला कीं, हा संग्रह विकून धनकोंची भरपाई करतां येईल.

हें वाचून आमच्या घरांत सर्वांनीं त्या न्यायाधीशाला नांवें ठेविलीं. आम्हीं मात्र ठेवूं शकलों नाहीं, आणि आमचा राग प्रथम जर कोठें अडखळला असेल तर तो येथें. दोन वर्षांनीं आमचें स्वतःचें पोट निवृत्तिवेतनावर चालावयाचें होतें. आमच्या एका सहाध्यायाचें पेन्शन कचेरींतल्या एका कागदासाठीं चौदा महिने अडकलें होतें. त्या चौदा महिन्यांत त्या माणसाची मान किती खालीं गेली तें आम्हीं पाहिलें होतें. जन्मभर मातींत हात घालून भट्टीपुढें उभा राहिलेला कामगार म्हातारपणीं आपले पैसे मागत असेल, तर त्याला 'तुझ्या आजोबाच्या मालकाची फुलदाणी अधिक मोलाची आहे' असें कोणीं आणि कोणत्या तोंडानें सांगावें? दुसरीकडे, त्या तबकांतले तुकडेहि अशाच कामगारांच्या हातचे. धर्मशास्त्रांत ऋण फेडल्यावांचून दान करणाऱ्याचें दान निष्फळ म्हणतात. पण येथें ऋण फेडावयाचें तर ज्यामुळें त्या गांवाला नांव, तेंच विकून.

तोडगा निघाला तो असा. एक कोटी ५७ लक्ष ५० हजार पौंड मोजले तर सबंध संग्रह एकत्र विकत घेतां येईल. न मोजले तर लिलाव. आर्ट फंड नांवाच्या धर्मादाय संस्थेनें पुढाकार घेतला. लॉटरीच्या उत्पन्नांतून चालणारा वारसा-निधि आणि इतर मोठे दाते मिळून सुमारें एक कोटी ३० लक्ष जमले. राहिलेल्या २७ लक्ष ४० हजारांसाठीं १ सप्टेंबर २०१४ रोजीं सामान्य लोकांपुढें झोळी पसरण्यांत आली, मुदत नोव्हेंबरअखेरची. आमच्या पुतण्याचे पन्नास पौंड त्या झोळींतले. आणि तो पैसा जाणार कोठें होता? धनकोंकडे, आणि त्यांत सर्वांत मोठा धनको म्हणजे बुडालेल्या पेन्शनींचा भार उचलणारा निधि. म्हणजे देणारा एका हातानें भांडीं राखीत होता आणि दुसऱ्या हातानें म्हाताऱ्यांचें देणें थोडेंफार फेडीत होता. हें पुतण्यानें लिहिलें नव्हतें. तें आमचें आम्हींच ताडलें, आणि ताडल्यावर कांहीं वेळ खिडकींत जाऊन उभे राहिलों.

आतां पत्राच्या शेवटचा प्रश्न. त्यानें लिहिलें होतें: "काका, आपल्या बरणीचें झांकण कोठें आहे?"

वाचकांस सांगितलें पाहिजे, तें असें. आमचे पणजोबा एका लहानशा संस्थानांत कारकून होते. तेथून त्यांना कांहीं चिनी भांडीं मिळालीं होतीं: दोन बरण्या, बशा, एक मोठा वाडगा. तेव्हां त्यांची नोंद घराच्या वहींत 'चिनी नग' अशी होई. पुढें आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ वेगळे झाले. वाटण्या सरळ झाल्या नाहींत. शेतें झालीं, वाडा झाला, तांब्यापितळेचीं भांडीं वजनानें झालीं; चिनी नग मात्र मोजून झाले, कारण त्यांना वजनाचा भाव नव्हता. नग मोजतांना झांकण हा स्वतंत्र नग धरला गेला. बरणी आमच्या आजोबांच्या वाट्याला, झांकण धाकट्या भावाच्या. पंच शहाणीसुरतीं माणसें होतीं. पण त्या दिवशीं ओसरीवर कोणाच्याहि तोंडून 'अहो, हें एकच भांडें आहे' असें निघालें नाहीं, कारण तसें म्हणणाऱ्यावर एक नग दाबल्याचा आळ आला असता. बशा तिघांत सारख्या गेल्या आणि तिन्ही घरांत सारख्याच फुटल्या. ही गोष्ट लहानपणीं आजी हंसून सांगे, आणि आम्हीहि ती विनोदाची म्हणूनच पुतण्याला सांगितली होती.

पाठशाळेंत असतां आम्हांस तर्कसंग्रह पढवितांना गुरुजी घटाचींच उदाहरणें देत. घट निर्माण होण्यापूर्वीं त्याचा अभाव असतो, त्याला प्रागभाव म्हणतात. त्याला आरंभ नाहीं, पण घट झाला कीं तो संपतो. घट फुटल्यावर जो अभाव होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाहीं. तीस वर्षें आम्हीं हें मुलांना पढविलें. पण न फुटतां, सगळे तुकडे धड असतां, नुसत्या वाटणीनेंहि प्रध्वंसाभाव उत्पन्न होऊं शकतो, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. तीं नमुन्यांचीं तबकें लिलावांत गेलीं असतीं तर एक तुकडा फुटला नसता. फक्त चारशें एकावा तुकडा एका देशांत, चारशें दुसरा दुसऱ्या देशांत, आणि ती वही तिसऱ्याच कोणाच्या कपाटांत. मग त्या आंकड्यांना काय अर्थ राहिला असता?

हें अण्णांना सांगितलें. त्यांचा मुद्दा त्यामुळें खोडला गेला नाहीं, हेंहि प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. ते म्हणाले, "बरणी त्यांची, झांकण त्यांचें, त्यांनीं सांभाळावें." साहेबाच्या देशांतील संग्रहालयांत आमच्याकडचें पुष्कळ कांहीं आहे, आणि तें आम्हांस कोणी वर्गणी काढून परत दिलेलें नाहीं, हें खरेंच आहे. पण मग आम्हीं त्यांना मुंबईच्या संग्रहालयाची आठवण दिली. आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी ती इमारत सन १९२२ मध्यें लोकांसाठीं खुली झाली. तेथें चीन-जपानच्या भांड्यांचीं जीं दालनें आहेत तीं सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं. सर रतन टाटा सन १९१८ मध्यें वारले ते कॉर्नवॉलमध्यें, म्हणजे ज्या परगण्यांत इंग्रजांना चिनी माती सांपडली तेथेंच. आमची मुलें सहलीला जाऊन तीं चिनी भांडीं पाहतात. तीं काय आमचीं आहेत? अण्णा म्हणाले, "टाटांनीं दिलीं. आपण नाहीं दिलीं." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एका श्रीमंतानें देणें आणि हजारोंनीं थोडें थोडें देणें या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अवघड आहे.

ती आपल्याकडे झालीच नाहीं असें मात्र नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशीं वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, आणि त्यांतून सन १९०८ मध्यें तळेगांवास कांच कारखाना निघाला. आमचे आजोबा, तेच बरणी वाट्याला आलेले, शाळेंत असतां पैसाफंडासाठीं घरोघर हिंडले होते. एक पैसा न देतां हांकलून देणाऱ्या घरांचीं नांवें त्यांना म्हातारपणींहि पाठ होतीं. देणाऱ्यांचीं नव्हतीं. ही आठवण निघाली तेव्हां अण्णा प्रथमच हंसले. मग म्हणाले, "त्या मुलाला ओरडून लिहिलेंस तें बरें केलें नाहींस." निकाल फिरला नव्हता, पण जप्तीचा हुकूम मागें घेतला गेला.

इंग्लंडांतली झोळी एका महिन्यांत भरली. ऑक्टोबरच्या आरंभींच २७ लक्ष ४० हजार पुरे झाले; सात हजारांहून अधिक देणग्या लोकांकडून आल्या. संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयास देण्यांत आला, पण ठेवण्यांत आला तो बार्लास्टनलाच, जेथें तो होता. गांवांतून हलला नाहीं, ही व्यवस्था आम्हांस विशेष आवडली.

आमची झोळी एका महिन्यांत भरली नाहीं. ती भरावयास दुसरा पावसाळा उजाडला, आणि तोंवर छपरावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून वेळ निभावली. पुतण्याचे पांच हजार दिवाळीच्या आधीं आले. आम्हीं क्षमेचें पत्र लिहिलें होतें. त्यांत वाचनालयाचा शब्दहि मुद्दाम काढला नव्हता. वडील माणसानें धाकट्याची क्षमा मागण्याची रीत आमच्या घरांत नाहीं, त्यामुळें तें पत्र लिहावयास आधींच्या पत्रापेक्षां पुष्कळ वेळ लागला, आणि सुभाषित एकहि सुचलें नाहीं. पैसे आले तेव्हां पावती आम्हींच फाडली. क्रमांक दोनशें सोळा. तिच्यावर त्याचें नांव लिहितांना अक्षर जरा बरें काढलें.

पुढें तो सुटीवर आला तो येतांना एक चित्रपत्र घेऊन. त्यावर जॅस्परच्या नमुन्यांचें तबक होतें: फिकट निळ्या रंगाच्या बारीक बारीक तुकड्यांच्या रांगा, प्रत्येकावर आंकडा. सौ. नीं तें बरणीच्या वरच्या फळीवर टेंकून ठेविलें. मग त्यानेंच आग्रह केला म्हणून आम्हीं धाकट्या आजोबांच्या घरीं, सांगलीस, चुलत बंधूंना झांकणाविषयीं विचारलें. झांकण शाबूत होतें. त्यांच्या देवघरांत तें उताणें ठेवलेलें आहे आणि त्यांत अक्षता असतात. आमच्या चुलत वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हांपासून असतात. आम्हीं विकत मागितलें नाहीं, बदल्यांत कांहीं देऊं असेंहि म्हटलें नाहीं. नुसतें पाहावयास मिळेल काय, एवढेंच विचारलें. वहिनींनीं स्वच्छ सांगितलें, "भावोजी, पाहा हवें तितकें, पण देवापुढचें उचलणार नाहीं." त्यांचें म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं.

पुतण्या सांगलीस जाऊन झांकणाचा व्यास दोऱ्यानें मोजून आला. दोरा बरणीच्या तोंडाला बरोबर बसला, सूतभरहि कमीजास्त नाहीं. तो दोरा सौ. नीं दादऱ्याला गुंडाळून ठेविला आहे. यंदा लिंबें महाग होतीं, तरी बरणी भरली.